दोष म्हणायचं की मर्यादा

भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची आणि कॉम्प्युटरवाल्यांची रविवारची. त्यामुळे दर रविवारी सकाळी बरकतभाईंच्या वर्कशॉपमध्ये खाली लेथ चालू असायचा आणि वर माळ्यावर भांडण. खालच्या खडखडाटातून निदान एखादा शाफ्ट तरी तयार होऊन बाहेर पडायचा. वरच्यातून नेमकं काय पडतं, हे बरकतभाईंना इतक्या वर्षांत नीटसं उमगलं नव्हतं. पण त्यांची लेक साबिया त्या भांडणात सगळ्यांच्या वरचढ असायची आणि तेवढ्यावर ते खूश होते.

भांडण असायचं ते मुकादमवरून. मुकादम म्हणजे कुणी माणूस नव्हे, ती एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम. मोठ्या मशीनच्या पोटात तळहाताएवढा बोर्ड असतो. त्याच्या डोक्यावर एकाच वेळी दहा कामं: मोटर फिरव, तापमान बघ, स्क्रीनवर आकडे दाखव, ऑफिसला हिशेब पाठव. डोकं मात्र एकच. मग कुणी आधी, कुणी नंतर, हे सांगायला बांधकामावर जसा मुकादम लागतो तसाच तिथेही लागतो. आणि या मुकादमाला काम नुसतं बरोबर करून घेऊन भागत नाही, ते वेळेत करून घ्यावं लागतं.

मुकादम प्रज्वलने कॉलेजात असताना लिहायला घेतला, साबिया पुढे येऊन मिळाली, आणि दोघांनी मिळून तो फुकट जगाला देऊन टाकला. ज्याला हवा त्याने घ्यावा, वापरावा, बदलावा. कुठल्या कुठल्या देशांतली हौशी माणसं तो वापरायची आणि प्रश्न विचारायची. तिसरे रंगराव. देहूरोडला सरकारी नोकरीत जन्म काढून निवृत्त झालेले, घरी रेडिओ जोडणारे, मुकादमचं पुस्तक आधी मराठीत आणि मग इंग्रजीत निघालं पाहिजे म्हणून हटून बसणारे. अनुस्वार चुकला तर त्यांना जेवण जात नसे.

साबिया चिंचवडच्या एका कंपनीत असेच बोर्ड चालवणारे प्रोग्रॅम लिहायची. आठवडाभर साहेबाच्या मर्जीने लिहायचं आणि रविवारी स्वतःच्या, असा तिचा नेम होता. स्वभाव तिखट. चुकीचं बोलणाऱ्याला ती वाक्य पुरं करू देत नसे, आणि बरोबर बोलणाऱ्यालाही जरा चाचपूनच सोडी.

त्या रविवारी दिग्विजय आला. बऱ्याच महिन्यांनी आला. हा चाकणच्या एका कंपनीत मशीनच्या कंट्रोलचा प्रमुख होता. कंपनी गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायची. तिथल्या जुन्या प्रेसवर त्याने मुकादम बसवला होता आणि वरच्या साहेबांची शाबासकी मिळवली होती. मुकादम कुठून आला हे त्याने साहेबांना कधी सांगितलं नाही, ते साबियाच्या डोक्यात होतंच. पण आज त्याच्या एका हातात गरम सामोशांचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात पिशवीत एका प्रेसचा बोर्ड.

"एक कोडं आणलंय," तो म्हणाला. "एक प्रेस एकदाच उशिरा थांबली. एकदाच हं. नंतर किती प्रयत्न केला, पुन्हा तसं होईना. तुमच्याशिवाय कुणाला सापडणार राव?"

कोडं म्हटल्यावर हे तिघे सामोशांकडेही बघेनात. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं अजस्र मशीन. त्याच्या तोंडाशी प्रकाशाचे किरण सोडलेले असतात. माणसाचा हात किरणांत आला की मशीनने त्या क्षणी थांबायचं, असा कायदा. खरं तर ते थांबवणं सरळ तारेनेच व्हायला हवं, मध्ये प्रोग्रॅमची लुडबुड नको. दिग्विजयच्या कंपनीने ते बोर्डावरच भागवलं होतं. साबियाने नाक मुरडलं, पण कोड्याच्या नादात पुढे गेली.

त्यांनी प्रेसच्या जागी एक बारका दिवा जोडला आणि समोर तसेच किरण सोडले. किरण तुटले की दिवा विझला पाहिजे. साबिया हात घालत राहिली, दिवा विझत राहिला. मग प्रज्वलने ऑफिसला आकडे पाठवायचं काम मुद्दाम वाढवलं, आणि एकदा हात मध्ये आला तरी दिवा जळतच राहिला. थोडाच वेळ. पण प्रेस खाली यायला तेवढा वेळ रग्गड झाला.

"सापडला!" प्रज्वलने टेबलावर थाप मारली. रंगरावांनी टाळी वाजवली. साबियाही हसली.

घोडं कुठे पेंड खात होतं ते रंगरावांनीच सोप्या भाषेत सांगितलं. भाड्याच्या खोल्यांना न्हाणी एकच असते. आत एक लहान पोर गेलंय. बाहेर पहिल्या पाळीला जाणारा माणूस बादली घेऊन उभा, त्याची बस सुटायला आलेली. पोराने पटकन बाहेर यावं की नाही? पण मधली माणसं पोराला आतच हाका मारतायत: आधी माझा रुमाल धू, आधी माझा तांब्या दे. पोर सगळ्यांत लहान, ते सगळ्यांचं ऐकतं. आणि ज्याला सगळ्यांत घाई तो दारात ताटकळतो. बोर्डावर तेच झालं होतं. स्क्रीन रंगवणारं काम सगळ्यांत खालच्या दर्जाचं, त्याने स्क्रीन अडवून ठेवलेली. ऑफिसला आकडे पाठवणारी मधली कामं त्याला हलू देईनात. आणि मशीन थांबवणारं सगळ्यांत वरचं काम त्याच स्क्रीनसाठी खोळंबलं.

"पण थांबवणाऱ्याला स्क्रीन कशाला हवी होती?" साबियाने प्रोग्रॅम वर सरकवला आणि तिला दिसलं. मशीन थांबवण्याच्या आधी त्या कामाने स्क्रीनवर छापायचं होतं, 'मशीन थांबवले'.

"अरे, आधी थांबव ना मशीन!" ती ओरडली. "मग काय ती दवंडी पिट! कुणी लिहिलं हे?"

"आमच्याकडच्या एका पोराने," दिग्विजय म्हणाला.

तेवढ्यात बरकतभाई चहा घेऊन वर आले. सगळ्यांचे फुललेले चेहरे बघून तेही हसले. कसला आनंद म्हणून विचारलं. चाकणच्या प्रेसचं कोडं सुटलं, असं रंगरावांनी सांगितल्यावर त्यांचा चहाचा हात तसाच राहिला.

"चाकणची प्रेस? आपल्या मागच्या गल्लीतल्या गणराजचा हात चाकणलाच गेला की प्रेसमध्ये. गेल्या महिन्यात. बायको सांगते मशीन थांबलंच नाही, कंपनी म्हणते यानेच किरणांच्या खालून हात घातला. आता तर तोही म्हणतो, माझीच चूक."

दिग्विजय सामोशाच्या पुड्याची कडा दुमडत होता.

साबियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता आपण टाळ्या वाजवल्या, हसलो, ते एका माणसाच्या हातावर. "दिग्विजय, हीच ती प्रेस?"

"असेल," तो म्हणाला.

"असेल? तुझ्या कंपनीत माणसाचा हात जातो आणि तू आम्हाला येऊन कोडं घालतोस? वर सामोसे?"

"अगं, संशय होता म्हणूनच तर आलो. लपवायचं असतं तर आलो असतो का इथे?"

हे उत्तर बरोबर होतं आणि तेच साबियाला झोंबलं. बरकतभाईंनी कप खाली ठेवले. "मग बेटा, आधी जाऊन त्याला सांगा. दोन मिनिटांवर तर खोली आहे."

"जाते अब्बा. पण नुसतं तोंडी सांगून काय होणार? कंपनी उद्या उडवून लावेल. आधी नीट लिहून काढते. मुकादमच्या इंटरनेटवरच्या पानावर, जगाला दिसेल असं. मग तेच घेऊन जाते."

"जशी तुझी मर्जी," बरकतभाई म्हणाले. खालून गिऱ्हाइकाने हाक मारली आणि ते उतरून गेले.

साबियाने लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं, मुकादममधल्या दोषामुळे मशीन वेळेत थांबलं नाही. आणि तिथेच माशी शिंकली.

"आपला दोष कसा?" प्रज्वल उसळला. "अडवून बसलेल्या कामाला तात्पुरता वरचा दर्जा द्यायची सोय मुकादममध्ये आहे. यांनी ती चालू केली नाही."

"ती मुळात बंद का असते, सांग ना!" साबियाचा आवाज चढला. "मी डोकं आपटून सांगत होते की ती पहिल्यापासून चालू असू दे. पण मग मुकादम जरा हळू होतो. मग अशा सगळ्या सिस्टिमच्या वेगाच्या त्या तक्त्यात आपला नंबर घसरतो. तुला नंबर हवा होता!"

"सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं."

"सगळ्यांनी म्हणजे तू आणि रंगरावांनी. मला म्हणालात, साबिया फार घाबरते!"

प्रज्वलचा चेहरा लाल झाला. "आणि फुकट दिलेल्या वस्तूची जबाबदारी नाही, हे पहिल्याच पानावर लिहिलंय आपण. आपापल्या जोखमीवर वापरा. तुझीच इंग्रजी आहे ती."

"गणराजने वाचलं होतं का ते पान? त्याने मुकादम वापरला का? त्याने पत्रा उचलला आणि आत ठेवला. जोखीम कुणाची आणि हात कुणाचा!"

खरं तर इथेच उठून गणराजकडे जायला हवं होतं. पण दिग्विजयने मध्ये तोंड घातलं, अगदी समजूतदार आवाजात. "तुम्ही दोघं भांडू नका रे. रंगराव, तुम्हीच सांगा. हे दोष म्हणायचं, की मर्यादा?"

झालं. रंगरावांनी चष्मा पुसला. दोष म्हणजे जे असायला नको ते असणं. मर्यादा म्हणजे जे आहे ते अमुक हद्दीपर्यंतच असणं. सोय आहे, पण बंद आहे, तर तिला काय म्हणावं? त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या, मग तिसरी मांडली. साबियाने मध्येच तोडलं तर ते रागावले. चुकीचा शब्द छापला तर वकील त्याच शब्दावर आपल्याला लोळवेल, असं म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं.

तो वाद मिटत आला तसा दिग्विजय प्रज्वलकडे वळला. ही सोय चालू केली तर मुकादम नेमका कितीने हळू होतो, हे मोजलंय का कुणी? न मोजता पानावर कसं टाकणार? प्रज्वलने लगेच मोजायला घेतलं. एकदा मोजलं, पटलं नाही, पुन्हा मोजलं. रंगराव त्याच्या खांद्यावरून बघत उभे राहिले.

आणि मग दिग्विजय साबियाकडे आला. "एक शंका आहे. एकाने एक गोष्ट अडवली, दुसऱ्याने दुसरी, आणि दोघं एकमेकांसाठी थांबले, तर ती सोय चालू करायची तुझी दुरुस्ती तिथे पुरेल का? नाही, म्हणजे अर्धवट दुरुस्ती देण्यापेक्षा..."

साबियाला ही शंका मागेच आली होती. तिने तिच्यावर बराच विचारही केला होता आणि कुणी विचारावं म्हणून ती वाट बघत होती. ती फळ्यापाशी गेली. खडूने चौकोन काढले, बाण काढले, पुसले, पुन्हा काढले. प्रज्वल म्हणाला, चुकतेयस. ती म्हणाली, तूच चुकतोयस. दोघं इतक्या त्वेषाने भांडली की खालच्या लेथचा आवाज कधी थांबला, जेवणाची वेळ कधी झाली, कुणाच्या ध्यानात आलं नाही. चहावर साय धरली. सामोसे गारढोण झाले. लिहिलेलं वाक्य स्क्रीनवर एकच राहिलं.

दिग्विजयचा फोन वाजला. त्याने फक्त ऐकलं. "झालं? बरं," म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. मग तो उठला, बोर्ड पिशवीत घातला आणि पिशवी खुर्चीवर ठेवून तारा गोळा करू लागला.

"मग काय लिहायचं?" प्रज्वलने विचारलं. "दोष की मर्यादा?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा," दिग्विजय म्हणाला. "दोष लिहा. माझी काही हरकत नाही."

साबियाच्या हातात खडू होता. सकाळपासून या माणसाने एकेका अक्षराचा कीस काढला होता, आणि आता हरकत नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. रंगरावांना शब्दाचा नाद, प्रज्वलला आकड्याचा, आणि आपल्याला फळ्याचा. ज्याला जो खाऊ आवडतो तो त्याच्या हातात दिला या माणसाने, लहान पोरांना देतात तसा.

"काय झालं?" ती म्हणाली. "फोनवर काय झालं म्हणाले?"

"ऑफिसचं काम."

"रविवारी?"

"आमची सुट्टी गुरुवारची." तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

"तू नुसतं कोडं सोडवायला आला नव्हतास," साबिया म्हणाली. "गणराजची खोली आमच्या मागे आहे, हे तुला माहीत होतं. तुझे लोक आज तिथे जाणार हे माहीत होतं. दोष तर तुम्हाला शोधून हवाच होता, पण तो सापडला की आम्ही पळत जाऊ, म्हणून तू दारात बसलास. आम्हाला बोलत ठेवायला. आणि आम्ही बोललो! हरामखोरा, आम्ही जीव तोडून बोललो!"

"तोंड सांभाळ साबिया. मी फक्त मला सांगितलं ते केलं. माझीही नोकरी आहे, घर आहे."

"त्यालाही आहे घर! त्याला हातही होता!"

दिग्विजयने पिशवीकडे हात नेला, पण पिशवीवर रंगराव बसले होते. कधी बसले कळलं नाही. म्हातारा पिशवी मांडीखाली घेऊन ढिम्म बसला होता. "बोर्ड इथेच राहील," ते म्हणाले. "ओढून बघ. माझी हाडं जुनी आहेत, मोडली तर तुलाच भरपाई द्यावी लागेल." दिग्विजयने हिसका दिला नाही. प्रज्वल भिंतीशी उभा होता, सगळं आकलन झाल्यावर माणसाचं होतं तसं पांढरं तोंड करून.

साबिया जिना उतरून धावली. बरकतभाई डबा उघडून बसले होते. त्यांनी काय झालं विचारेपर्यंत ती बाहेर पडली होती.

मागची गल्ली म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. गणराज आणि त्याची बायको विजयश्री परभणीकडचे. तो प्रेसवर, ती एका पॅकिंगच्या युनिटमध्ये. दार उघडंच होतं. गणराज उंबऱ्यात स्टुलावर बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. विजयश्री त्याच्या पुढ्यात उकिडवी बसून त्याचा डावा अंगठा कपड्याच्या साबणाने घासत होती. बादलीतलं पाणी निळं झालं होतं.

"या ताई," गणराज म्हणाला. "बरकतचाचाच्या ना तुम्ही? बसा."

"कोण आलं होतं?"

"कंपनीचे साहेब. आत्ताच गेले. चांगले बोलले. चूक कबूल केली तर गेटवर हलकं काम देतो म्हणले." तो जरा ओशाळून हसला. "सही येती मला, बारावी झालोय. पण हात असा. म्हणले, अंगठा चालतो."

"वाचलंत का त्यात काय होतं?"

"वाचलं की. माझ्या हयगयीनं झालं, असं. खरंच हाय ते. सगळे तसंच म्हणायलेत."

"खरं नाही," साबिया म्हणाली. तिला नीट, क्रमाने सांगायचं होतं. न्हाणीचं उदाहरण द्यायचं होतं. ते काही जमलं नाही. "तुमची चूक नव्हती. तुमचा हात मशीनला दिसला होता. ते थांबलं नाही. आम्ही बघितलं, त्याच बोर्डावर, माझ्या डोळ्यांनी. त्या बोर्डातला निम्मा प्रोग्रॅम माझा आहे."

गणराजने अंगठा विजयश्रीच्या हातातून सोडवून घेतला.

"दवाखान्यात पडल्या पडल्या मी हजारदा आठवून बघितलं," तो म्हणाला. "हात कुठं चुकला ते. सापडंना. मग म्हणलं, सापडंना तरी चुकलाच असंल. मशीन थोडंच चुकतंय." त्याचा आवाज चढत गेला. "मी माझ्या बापाला फोन करून सांगितलं, माझ्याच गाढवपणानं हात गेला म्हणून! पोराला सांगितलं! आणि तुम्ही..." त्याने बादलीला लाथ मारली. निळं पाणी उंबऱ्यावरून साबियाच्या चपलांपर्यंत आलं.

"बोर्ड आमच्याकडे आहे," साबिया घाईघाईने म्हणाली. "आम्ही देणार नाही. जिथे सांगाल तिथे मी येऊन बोलेन, कामगार ऑफिसात, कोर्टात. तुमचा अंगठा घेतलेला तो कागद आम्ही खोटा पाडू."

विजयश्री उभी राहिली. ती ओरडली नाही. पदराने हात पुसत तिने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, ताई?"

"आज."

"आज कधी?"

"सकाळी."

"ते लोक तर जेवणाच्या वेळेला आले. आम्ही इथंच होतो, दार उघडं होतं." तिने वर्कशॉपच्या माळ्याकडे बोट केलं. खिडकी इथून दिसत होती, फळ्याचा कोपराही दिसत होता. "सकाळपासून तिथं काय करत होता तुम्ही?"

साबियाने बोटांवरचा खडू ओढणीला पुसला.

"बोलत होतो," ती म्हणाली.

विजयश्रीने घरंगळलेली साबणाची वडी उचलली, नवऱ्याचा हात पुन्हा हातात घेतला आणि ती अंगठा घासू लागली.